खाँसाहेब अब्दुल करीम खाँ : कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत

ऑक्टोबर महिन्याची २७ तारीख हा संगीतरत्न खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा स्मृतिदिन. १९३७ साली या दिवशी खाँसाहेब गेले. त्यांना समोर बसून ऐकलेला माणूस आता शोधूनही सापडावयाचा नाही. तरीसुद्धा आपल्या जुन्या मराठी घरांतून त्यांचा आवाज आजही ओळखीचा आहे. भैरवीतली ती यमुनातीराची ठुमरी कोठे लागली की घरातली वडील माणसे हातातले काम थांबवून ऐकू लागतात. ज्यांना रागाचे नावही सांगता येणार नाही, अशा माणसांनाही हा गळा कोणाचा हे पहिल्याच आलापात कळते. त्यांच्या काळच्या आणखी किती गवयांविषयी असे म्हणता येईल? अल्लादिया खाँसाहेबांची एकही तबकडी बाजारात आली नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, आणि त्यांचे गाणेही त्यांच्याबरोबर गेले. मग अब्दुल करीम खाँच आपल्या घरात कसे राहिले?

खाँसाहेबांचे चरित्र नव्याने सांगावे असा माझा आव नाही. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी ते काम फार मोठ्या प्रमाणावर करून ठेवले आहे. मला त्या आयुष्याची एकच बाजू वाचकांपुढे मांडावयाची आहे, ती म्हणजे एका हळुवार गळ्याची आणि त्याला टिपणाऱ्या यंत्राची. ही बाजू मांडण्याचे निमित्त मात्र आजचे आहे, ते पुढे येईलच.

माझे वडील संस्थानी दरबारात गाणारे. ऐन तरुणपणी ते नोकरीस लागले, आणि थोड्याच वर्षांत, १९४८ साली, संस्थान गेले व त्याबरोबर दरबारही गेला. पुढे ते भैंशास येऊन राहिले आणि गाण्याच्या शिकवण्या करू लागले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. आज मीही तेच करतो. भैंसा म्हणजे निजामी अमलातला मराठी मुलूख. मुधोळ तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो आदिलाबादेत गेला आणि २०१६ पासून आम्ही निर्मल जिल्ह्यात आहो. बासरची सरस्वती जवळ, गोदावरी जवळ, आणि एका गल्लीत मराठी, तेलुगू व उर्दू या तिन्ही भाषा. वडिलांचा चावीचा ग्रामोफोन आणि खाँसाहेबांच्या काही तबकड्या हीच आमची इस्टेट. तेव्हा जे लिहितो ते शिकविणाऱ्याच्या कानाने लिहितो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तर हिंदुस्थानातल्या मुजफ्फरनगरच्या बाजूच्या किराणा गावचा. गावाचे नाव कैराना; घराण्याला चिकटले ते किराणा. घर गवयांचे, सारंगियांचे आणि बीनकारांचे. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. सारंगी आणि बीन या वाद्यांच्या घरात वाढलेल्या मुलाच्या कानात स्वराची लांबण आपोआप भिनते. गजाचा स्वर तुटत नाही. तो वाढतो, ओसरतो आणि दुसऱ्या स्वरात मिसळून जातो. पुढे खाँसाहेबांच्या गाण्यात जे आले त्याचे बीज या घरात आहे, असे मला वाटते.

तरुणपणी भावाबरोबर फिरत फिरत ते बडोद्यास आले. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या दरबारात त्यांना आश्रय मिळाला. तेथे राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. गुरू आणि शिष्येचे मन जुळले, आणि त्या काळी जे होणे अपरिहार्य होते ते झाले. एकोणिसावे शतक सरता सरता दोघांनी बडोदे सोडले. दरबारची नोकरी, मानमरातब, राजाश्रय, सर्व मागे राहिले. आधी मुंबई, मग मिरज. उत्तरेकडचा हा मुसलमान गवई तेव्हापासून महाराष्ट्राचा झाला तो कायमचा.

मिरज हे त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान. तंबोरे आणि सतारी करणाऱ्या कारागिरांची वस्ती, आणि ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा. प्लेगच्या दिवसांत खाँसाहेब आजारी पडले, आवाज गेला, आणि दर्ग्यात सेवा केल्यावर तो परत आला, अशी मिरजेत श्रद्धा आहे. खाँसाहेबांची स्वतःची निष्ठा तर आयुष्यभर त्या जागेवर राहिली. आजही उरुसाच्या वेळी तेथे त्यांच्या स्मरणार्थ गवयी हजेरी लावतात.

याच सुमारास, १९०४-०५ मध्ये, खाँसाहेब पहिल्यांदा यंत्रासमोर गायले. विलायतेतल्या ग्रामोफोन कंपनीचे मुद्रक त्या वेळी हिंदुस्थानात फिरत होते. त्या काळची मुद्रणाची तऱ्हा आजच्या मुलांना सांगितली तर खोटी वाटेल. विजेचा संबंधच नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे. गवयाने त्या कर्ण्यात तोंड घालावयाचे आणि मोठ्याने गावयाचे. कर्ण्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली मेणाची फिरती तबकडी. गवयाच्या श्वासाने पडदा हलेल, पडद्याने सुई हलेल आणि सुई मेणात रेघ कापील. सारे काम गळ्याने करावयाचे. मेण कापण्याचे बळसुद्धा गवयाच्या छातीतूनच यावयाचे.

अशा यंत्रापुढे कोण टिकणार? ज्याचा आवाज पल्लेदार आणि टोकदार, तो. हळू गाइले तर सुई हलत नसे. तार सप्तकात आवाज चढला तर सुई रेघ सोडून उडे, म्हणून मुद्रक गवयाला मागे ओढी. कर्ण्याच्या मुद्रणात ढोबळ मानाने २५० पासून २५०० पर्यंतची कंपने बरी उतरत. पुरुषाच्या काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३९ कंपनांचा. म्हणजे ज्या षड्जावर सारे गाणे उभे, त्याचा पाया तबकडीवर नीट उतरतच नसे. वरचे अंश ऐकून आपला कान तो भरून घेई. तंबोऱ्याचा खर्ज तर सत्तरच्या आसपासचा, तो साफ बाहेर. तीन मिनिटांत गाणे संपवावयाचे आणि शेवटी आपले नाव पुकारावयाचे, अशी त्या काळच्या गवयांची पद्धत. तबकडी किती वेगाने फिरत होती याचाही धड नेम नसे, त्यामुळे आज ती लावली की गवयाची पट्टी कोणती याविषयी वाद होतात.

खाँसाहेबांच्या या पहिल्या तबकड्यांत जे ऐकू येते ते जोरकस, चपळ, तानांनी भरलेले गाणे आहे. तिशीतल्या गवयाची ती उमेद आहेच. पण कर्ण्याने दुसरे काही मागितलेही नाही आणि दुसरे काही घेतलेही नसते. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे खाँसाहेब आणि तबकडी यांची गाठ पडली नाही.

या तीस वर्षांत खाँसाहेबांचे खरे घडणे झाले. पहिली गोष्ट श्रुतींची. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर तारांवर मोजमाप करून बावीस श्रुतींचा शोध घेत होते. आपल्या गवयांच्या गळ्यातून निघणारा कोमल ऋषभ नेमका किती, अतिकोमल कोणता, हे त्यांना आकड्यांत बसवावयाचे होते. त्या कामी पुष्कळ गवई यंत्राजवळ येण्यास नाखूष. खाँसाहेब मात्र बसले. एकच स्वर पुन्हा पुन्हा, तोच आणि तितकाच, लावून दाखविणे ही साधी गोष्ट नव्हे. देवलांचे पुस्तक १९१० साली निघाले. पुढे अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाने त्याच दिशेने काम केले आणि श्रुतींची खास पेटीही तयार झाली. त्या श्रुतिगणिताविषयी मतभेद झाले, आजही आहेत. तो वाद येथे नको. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की आपला गळा मोजून घेण्यास हा गवई भ्याला नाही.

दुसरी गोष्ट शाळेची. १९१३ साली पुण्यास त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. गरीब मुलांना घरी ठेवून, जेवू घालून शिकविले. शाळा चालविण्यासाठी गावोगाव जलसे केले. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे आपले सवाई गंधर्व, आणि बहिरेबुवा हे त्यांचे शिष्य. रोशनआरा बेगम पुढच्या काळातल्या. शाळा फार वर्षे चालली नाही. १९२० च्या आसपास संसारही मोडला. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ती मुले म्हणजे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे आणि त्यांची भावंडे. वडिलांचे नाव त्यांच्या नावापुढे राहिले नाही. हिराबाईंच्या आडनावात मात्र बडोदे राहिले, आणि गळ्यात किराणा. पुढे खाँसाहेबांनी बानूबाई लाटकर यांच्याशी संसार केला आणि मिरजेसच राहिले.

तिसरी गोष्ट रहिमत खाँ यांची. ग्वाल्हेरचे हे विलक्षण गवई विष्णुपंत छत्रे यांच्या आश्रयाने दक्षिणेत आले आणि कुरुंदवाड संस्थानात १९२२ साली वारले. त्यांच्या गाण्यातली आर्त पुकार खाँसाहेबांनी मनावर घेतली. रहिमत खाँच्या तबकड्याही कर्ण्यापुढच्याच. खरखरीच्या पलीकडून त्यांचा स्वर आजही काळजाला लागतो. पण किती कमी उरले आहे, हेही त्या ऐकताना जाणवते. रहिमत खाँना आणखी चार वर्षे मिळाली असती, तर?

चार वर्षे म्हणण्याचे कारण असे. खाँसाहेब कर्ण्यापुढे गात होते त्याच हंगामात, १९०४ च्या नोव्हेंबरात, लंडनमध्ये जॉन फ्लेमिंग या प्राध्यापकाने एका काचेच्या दिव्यासारख्या वस्तूचे पेटंट घेतले. हाच पहिला व्हॉल्व्ह. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात तारेची एक जाळी बसविली, आणि त्या जाळीने जगातल्या गाण्याचे नशीब पालटले. काचेच्या निर्वात नळीत तार तापते, तिच्यातून विजेचे कण निघतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मधली जाळी म्हणजे धरणाचा दरवाजा. आमच्याकडच्या लोकांना मी पोचमपाडच्या धरणाचे उदाहरण देतो. दरवाजा हलविण्यास थोडे बळ लागते, पण त्याने सोडलेले पाणी तालुका भिजविते. तसे जाळीवर अगदी क्षीण विद्युत्प्रवाह आला तरी पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच्या तालावर हलतो.

मायक्रोफोनमधून येणारी वीज अत्यंत क्षीण. गाण्याच्या आवाजाला ती थोड्या मिलिव्होल्टांची भरते. तिला पहिल्यांदा हाताशी धरून हजारपटीपर्यंत वाढविण्याचे काम जे करते त्याला आज प्रीॲम्प म्हणतात. १९२५ मध्ये अमेरिकेत आणि विलायतेत तबकड्या विजेने कापल्या जाऊ लागल्या, आणि पुढल्या काही वर्षांत कर्णे अडगळीत गेले. आता मेण कापण्याचे बळ गवयाने द्यावयाचे नव्हते, ते व्हॉल्व्ह देत होता. गवयाने फक्त गावयाचे. ऐकू येण्याचा पल्लाही वाढून पाच हजार कंपनांच्या आसपास गेला आणि खाली शंभराच्या जवळ उतरला. षड्जाला पाया मिळाला, तंबोरा ऐकू येऊ लागला, आणि मुख्य म्हणजे हळू गाण्याची मुभा मिळाली. अमेरिकेत या मुभेतून कुजबुजत गाणाऱ्या गायकांची एक पिढीच निघाली. आपल्याकडे त्या मुभेची वाट पाहत एक साठीचा गवई मिरजेस बसला होता, असे म्हणावेसे वाटते. अर्थात त्याला त्याची कल्पना नव्हती.

१९३४ पासून पुढे खाँसाहेबांनी ओडियन कंपनीसाठी तबकड्या दिल्या. वय बासष्टीच्या पुढे. आवाज बारीक, किंचित नाकातला, जोर बेताचा. कर्ण्याने हा आवाज घेतलाच नसता. मायक्रोफोनने तो जसाच्या तसा घेतला. झिंझोटीतली विरहाची ठुमरी, वसंत, गुजरी तोडी, शुद्ध कल्याण, भैरवी, एकेक तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांची. त्यांत स्वर कोठे सुरू झाला हे कळत नाही. तो शून्यातून उमलतो, भरतो, आणि तंबोऱ्यात विरून जातो. श्वास घेण्याची जागाही स्वराचाच भाग वाटते. निषादावरून षड्जाकडे जाताना ते जेथे रेंगाळतात, ती जागा कर्ण्याच्या सुईला दिसलीही नसती. देवलांच्या तारेपुढे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जो गळा बसला होता, त्याचा हिशेब अखेर या तबकड्यांत लागला.

गदगच्या बाजारात लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि असेच गावे असे मनाने घेतले, असे भीमसेन जोशी सांगत असत. सैगलांनी १९३५ च्या देवदास बोलपटात झिंझोटीतली तीच ठुमरी आपल्या पद्धतीने गाइली. दरबारात आणि जलशात जे शेकड्यांनी ऐकले होते, ते लाखांनी ऐकले.

याच तबकड्यांत आमच्या भैंशाच्या माणसाला विशेष वाटावी अशी एक गोष्ट आहे. खाँसाहेब म्हैसूरच्या दरबारात वारंवार जात. संगीतरत्न ही पदवी त्यांना तेथलीच. दक्षिणेकडच्या पद्धतीचा इतक्या आस्थेने अभ्यास करणारा त्यांच्या आधीचा उत्तरेकडचा मोठा गवई सांगता येत नाही. त्यागराजांची खरहरप्रिया रागातली एक कृती त्यांनी तबकडीवर गाइली. ती तेलुगूत आहे. आमच्याकडच्या तेलुगू शेजाऱ्यांना ती ऐकविली तर त्यांना उच्चार थोडे परके वाटतात, पण स्वराला ते मान डोलावतात. त्याच माणसाने मराठी नाट्यपदेही गाइली, तीही मानापमानासारख्या नाटकातली, आणि मराठी कुटुंबांनी ती आपली म्हणून जपली. घरी उर्दू, शाळेत मराठी, तबकडीवर तेलुगू. आमच्या गल्लीत ज्या तीन भाषा रोज एकमेकींना ओलांडून जातात, त्या या एका गळ्यात गुण्यागोविंदाने राहिल्या.

१९३७ चा ऑक्टोबर. खाँसाहेब मद्रासेकडे गेले होते आणि तेथून पाँडेचरीस अरविंदाश्रमात जावयास निघाले. गाडीत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा जुळविला गेला, आणि दरबारी रागात त्यांनी अल्लाचे नाव घेतले. तेथेच प्राण गेला. देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात पुरला. त्या फलाटावर कर्णाही नव्हता आणि मायक्रोफोनही नव्हता. ते शेवटचे गाणे जवळ बसलेल्या चार माणसांपुरतेच राहिले.

खाँसाहेब गेल्यावर दहा वर्षांनी, १९४७ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर निघाला. निर्वात नळी नाही, तापणारी तार नाही. धरणाचा तोच दरवाजा, पण दगडाएवढ्या घट्ट पदार्थाच्या एका कणात बसविलेला. १९६० नंतर ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांतून व्हॉल्व्ह हळूहळू गेले आणि ट्रान्झिस्टर आले. आणि आता जे निमित्त म्हटले त्याकडे वळतो.

आजचे विद्यार्थी घरीच गाणे मुद्रित करतात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी अलीकडे मला विचारले, की व्हॉल्व्हचा प्रीॲम्प घ्यावा की ट्रान्झिस्टरचा? व्हॉल्व्हचा पुष्कळ महाग. पण त्याने जुन्या तबकड्यांतली ऊब येते, खाँसाहेबांसारखा गोडवा येतो, असे त्यांना कोणी सांगितले होते. कापसाच्या एका हंगामाची शिल्लक त्यात घालावयाची त्यांची तयारी होती. प्रश्न पैशाचा होता, म्हणून मीही तो हसण्यावारी नेला नाही. ओळखीच्या एका मुद्रकाकडे दोन्ही यंत्रे होती. तेथे त्या मुलाला बसवून एकच आलाप एका तंबोऱ्यावर दोन्हींतून घेतला आणि कोणते कोणाचे हे न सांगता सर्वांना ऐकविला. बेताच्या आवाजात कोणालाही खात्रीने फरक सांगता आला नाही. मग आवाज मुद्दाम इतका वाढविला की यंत्राला झेपेना. तेव्हा मात्र फरक उघड झाला.

हा फरक गवयाला समजावून देणे सोपे आहे. यंत्राला झेपण्यापलीकडे आवाज गेला की ते मूळ स्वरात नसलेले अंश आपल्या पदरचे घालते. व्हॉल्व्ह सहसा हळूहळू वाकतो आणि प्रथम दुप्पट कंपनांचा अंश घालतो. षड्जाचा दुप्पट म्हणजे तार षड्ज. घरचाच माणूस, तो मिसळून जातो आणि आवाज भरल्यासारखा वाटतो. ट्रान्झिस्टरची रचना पुष्कळदा सरळ चालते आणि मग एकदम कापते. त्यात तिप्पट अंश, म्हणजे तार पंचम, आणि त्याच्याही वरचे टोकदार अंश पुढे येतात. आवाज कडक, फाटल्यासारखा होतो. १९७३ साली रसेल हॅम या अमेरिकन तंत्रज्ञाने या विषयावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा वाद विद्वानांतही चालू आहे. पण त्याचा रोखही याच गोष्टीवर होता, की फरक दिसतो तो यंत्राला जास्त झाल्यावर.

आता खाँसाहेबांच्या तबकड्यांकडे पुन्हा पाहावे. ज्याचा गळा कधी ओरडला नाही, त्याच्या व्हॉल्व्हला वाकण्याची पाळी कितीशी आली असेल? त्यांच्या आवाजातली ऊब नळीने घातली असे म्हणणे म्हणजे त्यांच्या चाळीस वर्षांच्या रियाजाचे श्रेय काचेला देणे होय. व्हॉल्व्हने दिली ती हळू गाण्याची मुभा. ती मुभा स्वस्तातला ट्रान्झिस्टरही आज देतो. खरी दरी कर्णा आणि मायक्रोफोन यांच्यामध्ये होती. नळी आणि कण यांच्यामध्ये ती नाही. खाँसाहेब त्या दरीच्या दोन्ही काठांवर उभे राहून गायले, म्हणून ती आपल्याला ऐकून पाहता येते. अशी साक्ष देणारे गवई फार थोडे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. तीन मिनिटांच्या तबकड्यांवरून खाँसाहेबांना मोजणारे लोक त्यांचे राग थोडे, लयीशी खेळ कमी, असे म्हणतात. ज्या विलंबित आलापीसाठी किराणा घराणे ओळखले जाते, ती तासाच्या मापाची गोष्ट आहे. तीन मिनिटांत ती मावत नाही. त्यात मावतो तो अर्क. अर्कावरून झाडाची उंची ठरवू नये. तसेच आज जुन्या तबकड्या स्वच्छ करून मिळतात. खरखर काढताना पुष्कळदा तंबोऱ्याची झारही जाते, आणि खाँसाहेबांचा स्वर आधाराशिवाय उभा केल्यासारखा वाटतो. थोडी खरखर असलेली प्रत मिळाली तर ती टाकून देऊ नये. तिच्या तळाशी तंबोरा आहे.

त्या मुलाच्या वडिलांना मी साधे यंत्र घेण्यास सांगितले आणि उरलेल्या पैशांतून मिरजेचा एक चांगला तंबोरा घ्या म्हटले. त्यांनी घेतला. मुलगा आता रोज पहाटे अर्धा तास नुसता षड्ज लावतो. नीट जुळलेल्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. तो त्याला अजून रोज ऐकू येत नाही, पण ज्या दिवशी येतो त्या दिवशी तो सांगावयास धावत येतो. मुद्रणाचे यंत्र कपाटात आहे. गाण्यात काही ठेवण्याजोगे आले की ते काढू, असे आमचे ठरले आहे.

खाँसाहेबांच्या स्मृतिदिनी आपल्या घरी त्यांची एखादी तबकडी लावावी, ती मोठ्याने लावू नये. आवाज बेताचा ठेवावा, खिडक्या लावून घ्याव्या आणि मुलांना जवळ बसवावे. हळू गाणाऱ्याला हळूच ऐकले पाहिजे.